बाबांचा उजवा पाय

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. ब्रेक तिथं नसायचाच, पायाखाली नुसती रबरी चटई. पण समोर म्हैस दिसली, वळण आलं, पुढच्या टेम्पोचा लाल दिवा लागला, की पाय खाली. माझ्या नवऱ्याच्या छोट्या गाडीतली डावीकडची चटई त्यांनी दोन वर्षांत झिजवली. तिला भोक पडलं तरी मी ती बदलली नाही.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली, आणि मी त्यांना वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून भोरला माझ्या घरी आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या पिढीला चोरी केल्यासारखं वाटतं. कॉटच्या अगदी कडेला बसायचे, जणू पुढच्या थांब्याला उतरायचं आहे. आणि त्यांची झोप उडाली. डोळे मिटून पडलेले असायचे, पण झोपलेले नाहीत हे मला भिंतीपलीकडून कळायचं. साडेचारला उठून दाढी करायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसून राहायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी खिडकीतल्या डबीत साठवून ठेवल्या.

"गोळी घिऊन झोपल्याला माणूस हाक मारली तर उठतो का?" त्यांनी मला विचारलं.

आता हाक मारणार कोण आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. माझी जीभ तशी तिखट आहे, पण त्या दिवशी मी ती आवरली. ते वाळत चालले होते. सरळच सांगते, मला भीती वाटत होती की हा माणूस जागून जागूनच संपेल.

मी त्यांना गाढ झोपलेलं पाहिलं होतं, पण एकदाच. तेव्हा मी आठ वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला मुक्कामी गाडीवर नेलं होतं. संध्याकाळची शेवटची एसटी वेल्ह्याच्या पुढं डोंगरात जायची, तिथल्या गावात रात्रभर थांबायची आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन खाली यायची. ड्रायव्हर-कंडक्टरला गावातून भाकरी यायची, ज्याच्या घरची पाळी असेल त्याच्या घरून. जेवणं झाली की बाबा चाकांना दगड लावायचे, हाताने गाडीच्या अंगावर दोनदा थोपटायचे आणि टपावर चढून आडवे व्हायचे. मी त्यांच्या शेजारी होते. खाली जांभळाचं झाड, वर सगळं आभाळ, आणि मधे आमची लाल गाडी. मला अजून वाटतं की ती गाडी तेव्हा थांबलेली नव्हती. डोंगर, झाड, गाव सगळं हळूहळू मागे सरकत होतं आणि आम्ही कुठंतरी चाललो होतो. सकाळी टपावर दव पडलेलं होतं, माझा फ्रॉक ओला झाला होता, आणि बाबा तोंड उघडं टाकून झोपलेले होते. कंडक्टरकाकांना काठीने पत्रा वाजवून त्यांना उठवावं लागलं.

तर ही झोप मला परत हवी होती, आणि ती तिथंच कुठंतरी पडून राहिली असणार असं मला वाटत होतं.

निमित्त पोरींनी काढलं. थोरली तेरा वर्षांची, धाकटी नऊ. दोघींनी मोबाईलवर कुणाकुणाचे तंबू बघितले आणि कॅम्पिंगचं खूळ घेतलं. बाबांना समजावून सांगितलं की आबा, कॅम्पिंग म्हणजे रानात जायचं, उघड्यावर स्वयंपाक करायचा, आणि तिथंच झोपायचं.

"येवढंच ना?" बाबा म्हणाले, "म्या जल्मभर त्येच केलं, पर त्याचा पगार घ्यायचो. तुमी पैसं दिऊन झोपणार व्हय?"

पण कुठं जायचं हे पोरींनी विचारलं तेव्हा मी त्या मुक्कामाच्या गावाचं नाव घेतलं, आणि ते माझ्याकडे वळून बसले. तिथं आता एसटी जात नाही. वाटेतल्या ओढ्यावरची मोरी वाहून गेली, डांबर उखडलं, आणि मुक्कामी गाडी बंद झाली ती झालीच. त्या गावाला दुसऱ्या बाजूने लांबचा रस्ता झाला, म्हणून या बाजूची वाट कुणी दुरुस्त केली नाही. मला मात्र त्याच वाटेने जायचं होतं. नवऱ्याची छोटी गाडी तिथं पोटावर टेकली असती. फोर बाय फोर पाहिजे होती, चारही चाकांनी ओढणारी. नवी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी शोधायची ठरली.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती गाडी चालवणार होते मी. नवरा गणिताचा मास्तर आहे; चढावर गिअर बदलायच्या आधी त्याला उत्तर ताडून बघायचं असतं, तोवर गाडी मागे येते. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, लायसन्स संपलेलं. राहिले मी. अठराव्या वर्षी मी बाबांना म्हटलं होतं, मला शिकवा. ते म्हणाले होते, "गाडी म्हंजी फुगडी न्हाई, पोरी." मग मी तिशीत, ग्रंथालयातल्या नोकरीवरून सुटल्यावर, त्यांना न सांगता क्लास लावून शिकले.  कळल्यापासून मी स्टिअरिंगवर असले की त्यांना हमखास एसटीने जायचं असायचं. पास आहे, फुकट कशाला घालवू, म्हणायचे. त्याचा मला राग होता, आणि मी तो बरीच वर्षं नीट सांभाळला होता.

गाड्या बघायला मात्र ते आले. आम्ही पाच-सहा रविवार हिंडलो. नसरापूरच्या बाजूला, हायवेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या गोठ्यासमोर, कुणाच्या चिंचेखाली. नवरा मोबाईलवर यादी घेऊन फिरायचा: सीटबेल्ट पूर्ण ओढून बघणे, चटईखाली गंज बघणे. एका पांढऱ्याशुभ्र गाडीचा बेल्ट त्याने ओढला, तर आतला अर्धा पट्टा चिखलाने माखलेला. ती पुरात बुडालेली होती. त्या दिवशी तो घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

बाबांची रीत वेगळी. गाडी चालू करायला सांगायचे, चहाचा भरलेला ग्लास बॉनेटवर ठेवायचे, शेजारी तळहात टेकवायचे आणि डोळे मिटायचे. ती मला फार आवडायची, ती मिनिटं. मालक बोलत असायचा, पोरी मागच्या सीटवर उड्या मारत असायच्या, ऊन पत्र्यावर तापत असायचं, आणि बाबा त्या आवाजात आत आत उतरत जायचे. चेहरा सैल व्हायचा. मला वाटायचं, आता झोपतील, इथंच, उभ्या उभ्या. मग डोळे उघडायचे.

"हिला खोकला हाय." नाहीतर, "ही लई राबल्याली हाय, हिला आता ऱ्हाऊ द्या." मालकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. एवढं करून ग्लासातला चहा ते कधी वाया घालवायचे नाहीत, तिथंच पिऊन टाकायचे.

पसंत पडली ती विंझरच्या अलीकडे एका शेतात उभी होती. हिरवी, रंग उडालेली, मागे आडव्या बाकांची. मालकाने तिच्यावर बरीच वर्षं वडाप केलं होतं. सहा जणांच्या जागेत चौदा कोंबायचे, तसलं. चहाच्या ग्लासात तरंग उठला तो अगदी बारीक, ताटातल्या आमटीवर उठतो तेवढा. बाबांनी डोळे उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"ही घ्या," म्हणाले.

आम्ही सगळे चढून बसलो. कोण कुठं बसणार, तंबू कुठं, स्टोव्ह कुठं, खिरीचा डबा कुणाच्या मांडीवर, यावर वादावादी झाली. हॉर्न वाजवून झाला. मी मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला, तो खट्‌ असा बसला, आणि मला वाटलं, झालं, चारी चाकं लागली. बाबांनी त्या दांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकाने लिंबू-मिरची आणली, तर बाबा म्हणाले, "आमच्यात न्हाई तसलं काय," आणि बॉनेटवर दोनदा थोपटलं.

बुद्धपौर्णिमेला निघायचं ठरलं. सकाळी विहारात वंदना झाली, मोठ्या डब्यात खीर भरून घेतली. बाबांना पास वापरता येणार नव्हता, म्हणून ते माझ्या शेजारी बसले. पहिल्यांदाच. नसरापूर येईपर्यंत त्यांचा उजवा पाय शिवणयंत्रावर बसल्यासारखा चालला होता. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता. वेल्हे मागे पडलं, डांबर संपलं, मोडक्या मोरीशेजारून आम्ही ओढ्यात उतरलो आणि पलीकडे चढ लागला. तांबडी माती लोण्यासारखी झाली होती. मी थांबले, छोटा दांडा ओढला, खट्‌. मोठ्या ऐटीत वर निघाले. दहा पावलं गेलो असू. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखल उडाला, गाडी तिरकी होऊन थांबली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

बाबा उतरले. पुढच्या चाकांकडे बघत राहिले. त्यांच्यावर चिखलाचा एक नवा शिंतोडा नव्हता, ती फिरलीच नव्हती. मग त्यांनी तंबूखाली अंथरायची चटई मागितली, ती चिखलात टाकली आणि आम्ही नको नको म्हणत असताना गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा चेहरा पडलेला.

"शाफ्टच न्हाई," म्हणाले.

इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेणारा लोखंडी दांडा कुणीतरी केव्हाच काढून ठेवला होता. नवऱ्याने मालकाला फोन लावला. मालक मुळीच घाबरला नाही. वडापाला कशाला लागतंय ते, डिझेल जास्त खातं, म्हणून त्यानेच काढला होता. "हाय की गोठ्यात. घिऊन जावा कवाबी. तुमी इचारलंच न्हाई." ते खरंच होतं. माझ्या दांड्याचा नुसता खट्‌ आवाज यायचा, त्याच्या पुढे काही नव्हतंच. चारही चाकांची गाडी शोधत आम्ही सगळा उन्हाळा हिंडलो, आणि चार चाकं चालतात का एवढंच बघायचं राहिलं. नवरा हसायला लागला, पोरीही हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण मी बाबांकडे पाहिलं.

"म्या बघितलं न्हाई," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यांनी आयुष्यात फोर बाय फोर चालवलेली नव्हती. मागच्या चाकांवर पन्नास माणसं डोंगरात नेणाऱ्याला पुढची चाकं कशाला लागतात, या तोऱ्यात त्यांनी ते विचारलं नव्हतं. आणि आता चिखलात उभे राहून ते आपल्या हातांकडे बघत होते, हे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. 

"माघारी फिरू, पाव्हणं," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मला नाही.

मी इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, "बाबा, याच चढावर तुम्ही एसटी आणायचात. मागच्याच चाकांवर. आता शिकवा मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  ओढ्याचं पाणी वाजत होतं, कुठंतरी कोकिळा ओरडत होती, खिरीच्या डब्याचा वेलचीचा वास गाडीभर झाला होता, आणि मी पुन्हा अठरा वर्षांची होऊन उत्तराची वाट बघत होते.

मग ते कामाला लागले. पोरींना आणि नवऱ्याला खाली उतरवलं. ओढ्यातले मोठे दगड आणून मागच्या चाकांच्या बरोबर वर रचायला लावले. "मागं वजन पायजे. रिकामी गाडी नाचती." चाकांतली थोडी हवा सोडली, चाकांपुढे करवंदीच्या फांद्या टाकल्या. स्वतः माझ्या खिडकीच्या बाजूला, थोडे मागे उभे राहिले आणि पत्र्यावर हात ठेवला.

"येक बेल थांब. डबल बेल चल. बाकी डोक्यात काय आणायचं न्हाई."

धप्‌ धप्‌. मी क्लच सोडला. गाडी थरथरली, फांद्या कडाकडा मोडल्या. धप्‌. थांबले. "पाय दाबू नको, नुसता ठिवायचा. ती आपली आपून जाती." धप्‌ धप्‌. आरशात मला त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता, गाडीबरोबर चालणारा. इतकी वर्षं त्यांच्या मागे बसून कुणीतरी त्यांना बेल दिली होती. आज ते बेल देत होते आणि चाक माझ्या हातात होतं. किती वेळ लागला कोण जाणे. वर पोचले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. बाबा चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले, धापा टाकत आले आणि पाणी मागितलं.

मुक्कामाची जागा तीच होती. जांभळाचं झाड होतं. गावातल्या एका म्हाताऱ्याने बाबांना लांबूनच ओळखलं, "डायव्हर, लई दिसानं गाडी आणली!" म्हणाला, आणि घरून भाकरी घेऊन आला. पोरींनी तंबू उभा केला, तो दोनदा पडला. डोंगराआडून चंद्र आला, तो चांगलाच मोठा होता. आम्ही खीर खाल्ली. बाबांनी चारी चाकांना दगड लावले, पत्र्यावर दोनदा थोपटलं, आणि मी मनात म्हटलं, आता.

पहाटे उठले तर ते ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले. दाढी झालेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"झोप लागली का, बाबा?"

"गाडी उतारावर हाय. ध्यान ठिवाया नको?"

गाडी काही उतारावर नव्हती. मी खिरीचा डबा घासायला ओढ्यावर गेले आणि तिथं बसून रडले. मला वाटलं होतं झोप इथं ठेवलेली असेल, कोनाड्यात ठेवल्यासारखी, आपण जायचं आणि घेऊन यायची. तसं काही नव्हतं. पाण्यावर धुकं होतं आणि ते हळूहळू वर जात होतं. डबा लखलखीत घासला, दुसरं काय करणार.

दुपारी परत निघालो. चढ आता उतार झाला होता आणि माती वाळली होती. बाबा शेजारी बसले. पहिल्या वळणाला पाय खाली, दुसऱ्याला खाली, ओढ्यात खाली. वेल्हे आलं, गेलं. मग रस्ता सरळ झाला. भातरोपांसाठी राब भाजलेली काळी खाचरं, त्यांच्या कडेने आंब्याची झाडं, खिडकीतून येणारा गरम वारा. इंजिन एका सुरात घुमत होतं. उजवीकडे तोरणा आमच्याबरोबर चालल्यासारखा बराच वेळ दिसत राहिला, आणि मला पुन्हा तसंच वाटायला लागलं, की आम्ही जागीच आहोत आणि गावं तेवढी मागे सरकताहेत.

विंझरच्या पुढं एक कोंबडी पिलांसकट आडवी आली. मी ब्रेक दाबला. मग काही सेकंदांनी लक्षात आलं की ब्रेक मी एकटीनेच दाबला.

मी डावीकडे पाहिलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. उजवा पाय चटईवर बाहेरच्या बाजूला कलंडून पडलेला, कुणाचाच नसल्यासारखा. आरशातून मी पोरींना खूण केली. धाकटीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. नवऱ्याने मोबाईल बंद केला.

नसरापूरच्या गर्दीत मी हॉर्न वाजवला नाही. एक रिक्षावाला मला काहीतरी बोलला. एरवी मी सोडला नसता. हायवे लागला, सुटला. भोर आलं. एसटी डेपोसमोरून गेले, पुढं आमची गल्ली दिसली. नवरा मागून हळूच म्हणाला, "वळव."

मी वळले नाही. महाडच्या रस्त्याला लागले. धरणाचं पाणी आटून काठ उघडे पडले होते, त्यावर ऊन तिरपं झालं होतं. रस्ता वळणं घेत चालला होता आणि मी प्रत्येक वळण पाय दाबून नाही, नुसता ठेवून घेत होते. तेवढ्यात एका खड्ड्यात चाक गेलं.

बाबा जागे झाले. बाहेर पाहिलं. "कुठं आलो?"

"भोर मागं राहिलं, बाबा," मी म्हटलं.  "वळू का?"

त्यांनी पुढचा रस्ता पाहिला. मग माझे हात पाहिले, स्टिअरिंगवरचे.

"कशाला? चालव तू."

मग वाकून त्यांनी चप्पल काढली, उजवा पाय उचलून सीटवर घेतला, मांडी घातली, आणि डोळे मिटले.